न्यू जर्सीची मावशी आणि कल्याणची यमुना

अमेरिकेतल्या विद्यापीठांची उत्तरे साधारणपणे फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान येतात. त्या दिवसांत ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या कितीतरी घरांत रात्रीच्या जेवणाला एकच विषय असतो. दोन-तीन ठिकाणी प्रवेश मिळालेला असतो. त्यातला कुठला घ्यायचा? संस्थेचे नाव पाहायचे की शिष्यवृत्ती? थंडी किती पडते? शाकाहारी जेवणाचे काय? मुलगी असेल तर आणखी दहा शंका. एवढा सगळा खल झाल्यावर कुणाला तरी आठवते, की अमकीची मावशी न्यू जर्सीत राहते, तिथून काही फार लांब नाही. आणि आईचा जीव भांड्यात पडतो.

हे सगळे प्रश्न, अगदी न्यू जर्सीच्या मावशीसकट, याच परिसरात वाढलेल्या एका मुलीपुढे १८८३ साली उभे होते. फरक एवढाच, की तिच्याआधी त्या वाटेने गेलेले कुणीही तिच्या माहितीत नव्हते. माहेरची ती यमुना. सासरची आनंदीबाई जोशी. पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळवणारी पहिली महाराष्ट्रीय स्त्री, हे आपण शाळेतच पाठ केलेले असते.

श्री. ज. जोशी यांच्या 'आनंदी गोपाळ' या १९६८ सालच्या कादंबरीने ही कथा मराठी घराघरांत पोहोचवली. पुढे नाटक आले, २०१९ मध्ये चित्रपट आला. या सगळ्यांत गोपाळराव जोशी हा विक्षिप्त, तापट आणि बायकोला शिकवण्याच्या ध्यासाने पेटलेला माणूस इतकी जागा व्यापतो, की वाचणाऱ्याची नकळत एक समजूत होते: गोपाळरावांनी पाठवले आणि आनंदीबाई गेल्या. कादंबरी लिहिणाऱ्या माणसाला असे पात्र मिळाले तर तो ते सोडणार नाही, हे मला स्वानुभवाने ठाऊक आहे. पण आनंदीबाईंची भाषणे, अर्ज, पत्रे आणि त्यांच्या काळातल्याच दोन बायकांनी लिहिलेली त्यांची चरित्रे (एक अमेरिकेतल्या कॅरोलाइन डॉल यांचे, दुसरे आपल्या काशीबाई कानिटकरांचे) शेजारीशेजारी ठेवून वाचली, की वेगळेच काही दिसू लागते. शिकण्याचा हट्ट गोपाळरावांचा असेल. कुठे शिकायचे, कोणत्या अटींवर आणि तिथे काय सोडायचे, काय नाही, हे निर्णय मात्र त्या अठरा वर्षांच्या मुलीने स्वतः घेतले आहेत.

यमुनेचा जन्म ३१ मार्च १८६५ चा, पुण्यात, आजोळी. बालपण गेले कल्याणात. वडील गणपतराव जोशी हे तिथल्या जुन्या घराण्यातले. जमीनजुमला होता, पण वैभव ओसरत चालले होते. कल्याण म्हणजे खाडीकाठचे पुराणे बंदर. १८५४ साली तिथे आगगाडी आली, ठाण्याच्या साधारण एक वर्ष मागून. गाडीबरोबर टपाल आले, टपालाबरोबर कारकून आले. त्यांपैकीच एक, संगमनेरकडचे बिजवर गोपाळराव. यमुनेला नववे वर्ष पूर्ण झाले त्याच दिवशी, ३१ मार्च १८७४ रोजी, तिचे त्यांच्याशी लग्न लागले. नवरा वीसेक वर्षांनी मोठा. बायकोला शिकवू द्यायचे, अशी त्यांची सासरच्यांना अट होती.

ही शिकवणी काही गोड नव्हती. अभ्यासाचा कंटाळा केला तर लाकडाचा तुकडा, खुर्ची, हाताला लागेल ती वस्तू अंगावर यायची. पुढे अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या एका पत्रात आनंदीबाईंनी या माराची आठवण स्वच्छ शब्दांत करून दिली आहे. त्याच पत्रात आपल्याला घडवल्याबद्दलची कृतज्ञताही आहे. आजच्या वाचकाला या दोन गोष्टी एका पत्रात मावत नाहीत. त्यांच्यात त्या मावल्या होत्या, एवढे मान्य करून पुढे गेलेले बरे.

चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. बाळंतिणीला पुरुष डॉक्टर दाखवायचा नाही आणि बाई डॉक्टर तर नाहीच, अशी तेव्हाची स्थिती. आपण डॉक्टर व्हायचे हा विचार तिथून धरला गेला, असे सगळेच चरित्रकार सांगतात.

गोपाळरावांच्या नोकरीत बदल्या फार. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, मग थेट बंगाल. कोल्हापुरात असताना, १८७८ मध्ये, त्यांनी रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहून विचारले, की पत्नीच्या शिक्षणासाठी आम्ही दोघे अमेरिकेला आलो तर मला तिथे काही काम मिळेल का. ख्रिस्ती व्हाल तर पाहू, अशा अर्थाचे उत्तर आले. दोघांनीही ते नाकारले. वाइल्डरनी मात्र हा पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापून टाकला. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाई १८८० मध्ये दातांच्या डॉक्टरकडे नंबराची वाट पाहत बसल्या होत्या. तिथे तो अंक त्यांच्या हाती लागला. त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिले. पत्रांची ये-जा सुरू झाली आणि बघता बघता नाते जडले. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. बंगालमध्ये त्यांची डोकेदुखी, ताप, अशक्तपणा सुरू झाला, तेव्हा या मावशीने टपालाने औषधे पाठवली.

हे सगळे वाचताना मला माझ्या बँकेतल्या दिवसांची सवय आड येते. शैक्षणिक कर्जाची फाईल समोर आली की आम्ही काय पाहायचो? संस्थेची मान्यता, खर्चाचा अंदाज, घरचे मार्जिन, तारण, जामीनदार. आनंदीबाईंची फाईल या नजरेने उघडली तर काय दिसते? तारण म्हणून हातातल्या सोन्याच्या बांगड्या. जामीनदार म्हणून समुद्रापलीकडची एक बाई, जिला अर्जदाराने कधी पाहिलेले नाही. शाळेचा दाखला म्हणावा तर मुंबईच्या मिशनच्या शाळेत काही काळ जाणे, तेही रस्त्यातल्या लोकांची शेरेबाजी ऐकत. बाकी सगळे शिक्षण नवऱ्याच्या हाताखाली, घरी. असा अर्ज कुठल्याही शाखेत मंजूर झाला नसता, यात शंका नाही.

आता कॉलेज कोणते, हा प्रश्न. अमेरिकाच का? आपल्याकडे काहीच नव्हते असे नाही. मद्रास मेडिकल कॉलेजने १८७५ मध्ये स्त्रियांना दार उघडले होते. सुईणीच्या शिक्षणाचे वर्ग इलाख्या-इलाख्यांत होते. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज स्त्रियांना घेऊ लागले ते १८८३ मध्ये, म्हणजे आनंदीबाई निघाल्या त्याच वर्षी. आणि त्याच सुमारास कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात कादंबिनी गांगुली यांनी पाऊल ठेवले. लंडनला स्त्रियांची वैद्यकीय शाळा १८७४ पासून होती. आनंदीबाईंनी मद्रासचा विचार केलेला होता आणि तो बाजूला ठेवण्याची कारणेही त्यांच्याकडे होती. इथले शिक्षण अपुरे आहे, शिकवणारे जुन्या वळणाचे आहेत आणि बायकांनी यात पडावे हे त्यांना मनातून रुचत नाही, असा त्यांचा आक्षेप. पुरुषांच्या वर्गात एकट्या हिंदू स्त्रीने बसणे म्हणजे रोज नवे दिव्य, हे मुंबईच्या रस्त्यांनी त्यांना आधीच शिकवले होते.

फिलाडेल्फियाचे नाव सुचवले थॉर्बर्न या डॉक्टर दांपत्याने. विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया ही संस्था १८५० मध्ये केवळ स्त्रियांना डॉक्टर करण्यासाठी निघाली होती. क्वेकर पंथाच्या लोकांचा तिच्या स्थापनेत मोठा वाटा होता. तिच्या विद्यार्थिनींनाही सुख लागू दिले गेले नव्हते. १८६९ मध्ये पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलात रुग्णतपासणीचे व्याख्यान ऐकायला त्या गेल्या, तेव्हा पुरुष विद्यार्थ्यांनी हुर्यो करून, थुंकीने भिजवलेले कागदाचे गोळे मारून त्यांना हैराण केले होते. पण चारचौघींची एकी, स्वतःची इमारत आणि शेजारीच १८६१ पासून चालू असलेले स्त्रियांचे रुग्णालय, एवढे त्यांच्याकडे होते. भारताशी संबंधही होता. याच कॉलेजातून १८६९ मध्ये बाहेर पडलेल्या क्लारा स्वेन १८७० साली मिशनच्या डॉक्टर म्हणून बरेलीला आल्या होत्या. या संबंधाला दुसरी बाजूही होती. जे कॉलेज मिशनसाठी डॉक्टरणी तयार करते, तिथे हिंदू विद्यार्थिनीच्या धर्माकडे लोकांचे लक्ष जाणारच.

गोपाळरावांना आईला आणि धाकट्या भावांना पोसायचे होते. दोघांचा खर्च झेपणारा नव्हता. तेव्हा आनंदीबाईंनी एकट्याने जावे असे ठरले. बंगालमध्ये, त्यातही कलकत्त्याच्या मराठी मंडळींत, गहजब झाला. त्याला उत्तर म्हणून २४ फेब्रुवारी १८८३ रोजी सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात त्यांनी भाषण केले. इंग्रजीत. वय वर्षे अठरा पुरे व्हायला महिना बाकी.

हे भाषण मी अनेकदा वाचले आहे, आणि दर वेळी मला त्याच्या मांडणीचे नवल वाटते. लोक आपल्याला कोणते सहा प्रश्न विचारतात ते त्यांनी आधी सांगितले: अमेरिकेलाच का, इथे सोय नाही का, एकटीच का, परत आल्यावर वाळीत पडणार नाही का, तिथे काही वाईट घडले तर काय, आणि आजवर कुठल्या बाईने केले नाही ते तूच का करतेस. मग एकेकाचे उत्तर. संकटे काय घरी बसून येत नाहीत? वाळीत टाकायचे असेल तर परत येईपर्यंत थांबता कशाला, आत्ताच टाका. मी हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणून परतेन, पोशाख आणि अन्न बदलणार नाही. शेवटच्या प्रश्नाला त्यांनी शिबी राजा आणि मयूरध्वज पुढे केले: दुसऱ्यासाठी अंगावरचे मांस कापून देणाऱ्यांच्या गोष्टी ज्या समाजात भक्तीने ऐकतात, तिथे एका बाईने थोडे कष्ट सोसले तर बिघडले कुठे, असा त्याचा रोख. यातला शब्द न् शब्द नवऱ्याने लिहून दिला असेल, असे म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. गोपाळराव भांडणारे गृहस्थ होते. समोरच्याला एकेक पायरी उतरवत नेणारा हा धीर त्यांच्या लेखनात सापडत नाही.

या भाषणाने वारे फिरले. मदतनिधी उभा राहिला. खुद्द व्हाइसरॉयनी २०० रुपये दिले. बांगड्या विकल्या गेल्या. ७ एप्रिल १८८३ रोजी 'सिटी ऑफ कलकत्ता' या बोटीने, मिशनच्या बायकांच्या सोबतीने, आनंदीबाई निघाल्या. प्रवासभर धर्मांतराचा लकडा आणि खाण्याचे हाल. ४ जूनला न्यूयॉर्कच्या धक्क्यावर मावशी उभ्या होत्या.

पुढचे चार महिने हा या कथेतला सर्वांत सुखाचा काळ. रोझेलच्या घरात त्या मुलीसारख्या वावरल्या. कार्पेंटरांच्या मुलींना त्यांनी आपल्याकडची नावे दिली, त्यांना साड्या नेसवल्या, पाहुण्यांना बोलावून हिंदू पद्धतीचे जेवण घातले. परदेशी कॉलेजात जाण्याआधी परदेशी घरात चार महिने राहायला मिळणे ही केवढी सोय आहे, हे मुलांना पोहोचवायला गेलेल्या आईबापांना कळेल. काटाचमचा, पोस्ट, बाजार, लोकांच्या बोलण्यातल्या खाचाखोचा, हे सगळे तिथे अंगवळणी पडले.

२८ सप्टेंबर १८८३ च्या तारखेने त्यांनी कॉलेजच्या चिटणीसांना प्रवेशासाठी पत्र लिहिले. आपल्या शिक्षणाच्या मर्यादा त्यांनी लपवल्या नाहीत. गणित कुठवर झाले, कोणत्या भाषा येतात, ते सांगितले. मराठीपासून संस्कृत, बंगालीपर्यंत सात भाषांशी ओळख. मग मुद्द्यावर आल्या. तुमच्या नियमांत मी कदाचित बसणार नाही. पण आप्त आणि जात यांचा विरोध मोडून जी जिद्द मला इथवर घेऊन आली, ती मला उद्देश गाठायलाही मदत करील. आणि उद्देश कोणता, तर पुरुष डॉक्टरकडून औषध घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या माझ्या देशातल्या बायकांना उपचार मिळवून देणे. प्रवेशासाठी हल्ली जी निवेदने लिहितात, ती पैसे देऊन दुसऱ्याकडून लिहून घेण्याचीही पद्धत पडली आहे म्हणतात. तसली निवेदने तपासण्याचा कंटाळा आलेल्या कुणा प्राध्यापकाने हे पत्र एकदा वाचावे.

कॉलेजच्या डीन होत्या रेचेल बॉडली. रसायनशास्त्राच्या प्राध्यापक, १८७४ पासून या पदावर. त्यांनी प्रवेश तर दिलाच, शिवाय तीन वर्षांसाठी ६०० डॉलरची शिष्यवृत्ती मिळवून दिली. ऑक्टोबरमध्ये मावशी त्यांना फिलाडेल्फियाला सोडून परत गेल्या. निरोप दोघींनाही जड गेला.

आणि मग थंडी सुरू झाली. राहायला मिळालेल्या खोलीतली शेकोटी धड नव्हती. पेटवली की खोलीभर धूर, विझवली की गारठा. दोहोंतले एक निवडायचे. छाती आधीच नाजूक. स्वयंपाक स्वतःचा स्वतः, शाकाहारी, तोही दिवसभराची व्याख्याने आणि शवविच्छेदन उरकून आल्यावर. दमल्यावर काय होते ते सांगायला नको. शिजवायचे राहून जाते. आपली मुले तिकडे गेल्यावर पहिल्या सत्रात चार-पाच किलो वजन घटवतात ना, तसेच. पण त्यांना दुकानात डाळ-तांदूळ मिळतो, खोलीत ऊब असते आणि आजारी पडली तर औषधे असतात. १८८३ च्या फिलाडेल्फियात यातले काय होते? क्षयावर तर जगात कुठेच औषध नव्हते.

पोशाखाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा. नऊवारी नेसली की पोटऱ्या उघड्या राहतात. बर्फात ते अशक्य. शिवाय तिथल्या सभ्यतेला बाईचा घोटा दिसणेही खपत नसे. पण पोशाख बदलणार नाही असे भर सभेत सांगून आलेल्या. यातून त्यांनी काढलेली वाट मला त्यांच्या सगळ्या आयुष्याचा नमुना वाटते. साडी सोडली नाही. नेसण्याची तऱ्हा बदलली. गुजराती पद्धतीने नेसली की पाय घोट्यापर्यंत झाकतात आणि आत उबदार कपडेही घालता येतात. तसे गोपाळरावांना आधी कळवले. त्यांना वचनभंग वाटू नये एवढी साडी आणि न्यूमोनिया होऊ नये एवढी ऊब. मंगळसूत्र, कुंकू होते तिथेच राहिले.

या तडजोडीची किंमत वेगळ्या वाटेने द्यावी लागली. गोपाळरावांची पत्रे. ज्या माणसाने एवढी धडपड करून पाठवले, तोच आता सात समुद्रांपलीकडून संशयाने, उपरोधाने, टोचून लिहू लागला: तू बदललीस, मला विसरलीस. पत्र पोहोचायला महिना-दीड महिना लागायचा. म्हणजे एक घाव सोसायचा, त्याचे उत्तर लिहायचे आणि ते पोहोचेपर्यंत दुसरा घाव येऊन ठेपायचा. शेजारच्या खोलीतल्या मुलीला हे सांगण्यासारखेही नव्हते. आनंदीबाई उत्तरे लिहीत राहिल्या. कधी नमून, कधी मान ताठ ठेवून. मुलांवर पैसा खर्च करणाऱ्या आणि मग फोनवरून हिशेब मागणाऱ्या आईबापांनी ही पत्रे वाचायला हरकत नाही.

कॉलेजच्या बाहेरही त्यांच्याकडून अपेक्षा होत्या. भारतातल्या चालीरीतींवर बोलायला बोलावणी येत. एकदा मिशनशी संबंधित बायकांपुढे बालविवाह हा विषय होता. श्रोत्यांना वाटले, नवव्या वर्षी लग्न झालेली ही मुलगी आता त्या दुष्ट रूढीचे वाभाडे काढील. आनंदीबाईंनी रूढीची चक्क बाजू घेतली. सभा अवाक झाली. आज आपल्यालाही ते खटकते, आणि खटकावेच. पण परक्या मुलखात, परक्या धर्माच्या प्रचारकांसमोर, घरची धुणी धुवायला नकार देणे म्हणजे काय, हे तिकडे राहून आलेल्यांना थोडेफार समजेल. त्यांनी तिथे जे म्हटले ते त्यांचे खरे मत होते की केवळ त्या सभेला दिलेले उत्तर, हे मी ठरवू धजत नाही. त्यांच्या स्वतःच्या पत्रांतला संसार काही वेगळेच सांगतो.

हे सारे दुःखच होते असे मात्र समजू नये. १० ऑक्टोबर १८८५ रोजी डीनच्या स्वागतसमारंभात काढलेले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात तिघी आहेत: साडीतल्या आनंदीबाई, किमोनोतल्या जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लांबूली, त्यांच्या देशाच्या वेषात. तिघींना देशोदेशीचा पोशाख घालून उभे करण्यात यजमानांची हौस असणार. आजही विद्यापीठांच्या माहितीपुस्तकांत असे फोटो असतातच. पण चेहऱ्यांवरचा निर्धार यजमानांनी दिलेला नाही. ओकामी १८८९ मध्ये आणि इस्लांबूली १८९० मध्ये डॉक्टर झाल्या.

अभ्यासात आनंदीबाई मागे राहिल्या नाहीत. प्रबंधाला विषय घेतला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. म्हणजे जे शिकायला त्या तिथे गेल्या होत्या, त्याविषयी आपल्या पूर्वजांनी काय लिहून ठेवले आहे, ते त्यांनी तिथल्या परीक्षकांपुढे ठेवले. कॉलेजात दाखल झालेल्या मुलीने बरोबर आणलेली शिदोरी अशी उपयोगात आली. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम.डी. पदवी मिळाली. गोपाळराव आदल्या वर्षी अमेरिकेत येऊन पोहोचले होते, ते समारंभाला होते. आणि इंग्लंडहून मुद्दाम आलेल्या पंडिता रमाबाईही. रमाबाई त्यांच्या लांबच्या नात्यातल्या.

पदवीचा कागद हाती आला तेव्हा शरीर संपत आले होते. बोस्टनच्या स्त्रियांच्या रुग्णालयात अनुभव घेण्याचा बेत प्रकृतीपायी फार दिवस टिकला नाही. कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्रीविभागाचे प्रमुखपद देऊ केले, ते त्यांनी स्वीकारले. ऑक्टोबर १८८६ मध्ये पतिपत्नी परतीला निघाली आणि १६ नोव्हेंबरला मुंबईत उतरली. वाळीत टाकण्याच्या गोष्टी करणारा समाज आता स्वागताला आला होता. क्षयाने जर्जर झालेल्या आनंदीबाईंना पुण्याला नेले. कोल्हापूरच्या त्या खुर्चीत त्या एकदाही बसल्या नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावे वर्ष पुरे व्हायला महिना उरला असताना, त्या गेल्या.

बॉडलीबाईंनी त्याच वर्षी निघालेल्या रमाबाईंच्या इंग्रजी पुस्तकाला प्रस्तावना लिहिली, आणि तीत आपल्या या विद्यार्थिनीबद्दल लिहिले. वर्षभराने, १८८८ च्या जूनमध्ये, त्याही वारल्या.

कॉलेज पुढे १९७० मध्ये पुरुषांनाही प्रवेश देऊ लागले, नाव बदलले, दुसऱ्या संस्थांत विलीन झाले. त्याचे दप्तर आता फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठात आहे आणि त्या दप्तरात २८ सप्टेंबर १८८३ चा तो अर्ज आहे. कल्याणची कुणी मुलगी तिकडे शिकायला गेलीच तर तिला तो पाहता येईल.

गोपाळरावांनी आनंदीबाईंच्या अस्थी अमेरिकेला पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी गावच्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत, मावशींनी त्या ठेवल्या. दगडावर नाव आहे, एम.डी. ही पदवी आहे, जन्ममृत्यूची वर्षे आहेत, आणि शिक्षणासाठी भारत सोडणारी ही पहिली ब्राह्मण स्त्री, अशी नोंद आहे.